पिवळी अक्षरं

उज्ज्वलाला घाईचं वेड जन्मापासूनचं. पोरगी सातव्या महिन्यातच बाहेर आली आणि तेव्हापासून तिनं कशालाच पुरते दिवस भरू दिले नाहीत, असं तिची आई लंकाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. उकळी फुटायच्या आत चहा गाळणारी, स्कूटर चालू लागल्यावर हेल्मेटचा पट्टा लावणारी बाई ती. नारायणगावच्या कॉलेजात ती मुलांना कॉम्प्युटर शिकवायची आणि मॅडम फार पळतात ही मुलांची एकच तक्रार असायची.

तिचा भाऊ गोरख तिच्याहून पाच वर्षांनी मोठा आणि सगळ्यात सावकाश. त्याला दुसरा इलाजही नव्हता. लहानपणी दिवेलागण झाली की तो भिंत धरून चालायचा. रातांधळेपणा आहे म्हणून आख्ख्या खोडद गावानं त्याला गाजरं खाऊ घातली. पुढं पुण्याच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचा आजार सांगितला. नजर कडेकडेनं बुजत जाणार, शेवटी नळीतून दिसावं तेवढंच उरणार, आणि तेवढं तरी किती वर्षं टिकेल ते सांगता येत नाही, असं ते म्हणाले. तोवर गोरख कॉम्प्युटरचा कोड लिहायला शिकलेला होता. मळ्यातल्या घरी, देवघराच्या शेजारच्या खोलीत बसून तो पुण्यातल्या एका कंपनीचं काम करायचा. संध्याकाळी ओट्यावर बसून पलीकडच्या रानातली रेडिओ दुर्बिणीची अँटेना बघायचा. त्याच्या नळीतून नीट दिसण्याएवढी मोठी वस्तू गावात ती एकच होती.

कोडचं काम म्हणजे एका वहीतलं लिखाण नव्हे. एकाच कामाच्या हजारो फायली असतात. चूक एका फायलीत दिसते, तिचं मूळ दुसरीत निघतं आणि दुरुस्ती करायची ती तिसरीत. दिवसातून तीनशे वेळा तरी या फायलीतून त्या फायलीत जावं लागतं. डोळसांना त्याचं काही वाटत नाही, बाजूला बारीक यादी दिसते, त्यातलं नाव टिपलं की झालं. गोरखला मात्र ती यादी नळीतून चाचपत बसावी लागे. म्हणून तीन वर्षांपूर्वी उज्ज्वलानं त्याच्या एडिटरला, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रॅमला, जोडायचं एक छोटं एक्स्टेन्शन लिहिलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘उडी’. एक बटण दाबलं की गोरखच्या नेहमीच्या फायलींची यादी पडद्याच्या मधोमध उघडायची, काळ्या चौकटीत बोटभर उंचीची पिवळी अक्षरं. खालचा बाण दाबला की एकेक नाव पुढं सरकायचं, कानातला आवाज ते वाचून दाखवायचा, आणि एन्टर दाबलं की ती फाइल समोर. नवी फाइल यादीच्या शेवटी जाऊन बसायची आणि मग कायम तिथंच राहायची. याहून शहाणी रचना करायला तेव्हा उज्ज्वलाला सवड नव्हती, नाहीतर तिनं केली असती.

डिसेंबरात कंपनीनं दुसऱ्या एका कंपनीचं काम आपल्यात मिसळून घेतलं. दोन हजार फायलींच्या अकरा हजार झाल्या आणि ‘उडी’ लंगडायला लागली. बटण दाबल्यावर यादी उघडायला चार सेकंद लागू लागले. चार सेकंद ऐकायला काहीच नाहीत. पण हातात सुईदोरा धरलेल्या माणसाला दर टाक्याला कुणी थांबवावं, तसा गोरखचा विचार दर वेळी तुटायचा.

त्यातच टीमचे प्रमुख अमृत सर यांचा फोन आला. गोरखचा करार जानेवारीअखेर संपत होता. तो वाढवायचा तर अठ्ठावीस तारखेला आपला पडदा सगळ्या टीमला दाखवत, त्याच वेळी दिलेली एक चूक शोधून दुरुस्त करून दाखवायची. यंदा सगळ्यांनाच तसं करायचं होतं. अमृत सर वाईट नव्हते, पण त्यांच्याही डोक्यावर माणसं होती.

“हे गेलं तर मला दुसरं कोण घेतंय, उजे?” गोरख म्हणाला. “मुलाखतीत पयलं डोळंच इचारत्यात.”

उज्ज्वलाच्या हातात एक गोष्ट होती आणि ती तिला इतर कुणाहूनही चांगली जमायची. तिनं सांगितलं, “तू काळजी करू नको दादा. चार सेकंदांचं मी बघते.”

घरात याच सुमारास लंकाबाईनंही एक नवीन खूळ काढलं होतं, निदान उज्ज्वला त्याला खूळच म्हणायची. तुळशीचं लग्न झालं आणि तेव्हापासून घरातली एक वस्तू जागची हलवायची सोय राहिली नाही. पाण्याचा तांब्या डेऱ्याच्या उजव्या अंगाला. चपला भिंतीला टेकून. दारं एकतर पुरती उघडी, नाहीतर पुरती लावलेली, अर्धं दार चालायचं नाही. संक्रांतीला लोणीहून बायडाबाई आत्या आली आणि तिनं बसायला स्टूल ओढून चुलीजवळ घेतलं, तर लंकाबाईनं नणंदेला तिळगूळ द्यायच्या आधी ते स्टूल जागेवर ठेवायला लावलं. “वयनी, आगं स्टूल हाय का देव हाय?” आत्यानं विचारलं. लंकाबाईनं तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. आई आता म्हातारी व्हायला लागली, असं म्हणत उज्ज्वलानं हसण्यावारी नेलं.

आईची एक सवय मात्र जुनी होती. सकाळी गोरख चहाचा कप घेऊन देवघराच्या कोनाड्यासमोर बसायचा आणि लंकाबाई विचारायची, “गोरख, दिवा दिसतोय का?” डॉक्टरांनी कधीतरी सांगितलं होतं, रोज एखाद्या उजेडावर नजर तपासत चला. आठ वर्षं झाली, प्रश्न तोच आणि उत्तरही तेच. “दिसतोय, आये.” त्या वेळी उज्ज्वला एका हातानं वेणी घालत दुसऱ्या हातानं डबा भरत असायची. देवघराकडं वळून बघायला तिला फुरसत कधी मिळाली?

चार सेकंदांचं मूळ तिला दोन दिवसांत सापडलं. दर वेळी बटण दाबलं की ‘उडी’ अकराच्या अकरा हजार फायली जागेवर आहेत का ते बघत फिरायची. एका घरी निरोप द्यायचा म्हणून रोज वेशीपासून सगळ्या गावाची दारं ठोठावत जावं, तसा तो प्रकार होता. उज्ज्वलानं ते बदललं. सकाळी एकदाच सगळं बघून ठेवायचं आणि मग जे बदलेल तेवढ्याचीच नोंद घ्यायची. यादी डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडायला लागली. इथंच थांबली असती तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण बाईला चेव चढला होता. तिनं जुनी आळशी यादी मोडून टाकली आणि नवी शहाणी यादी बनवली. जी फाइल आत्ता हवी असण्याची शक्यता जास्त, ती सगळ्यात वर. गोरख जसजसा काम करील, तसतशी यादी स्वतःला नव्यानं लावून घेणार. नळीएवढ्या नजरेला वरची तीन नावं दिसली तरी पुष्कळ, असा तिचा हिशेब.

कॉलेजातून तीनला येऊन, चपलांसकट खोलीत शिरून तिनं ते त्याच्या लॅपटॉपवर चढवलं. “दाब आता बटण.”

गोरखनं दाबलं. कानात लगेच आवाज आला. तो जरा वेळ बाण दाबत राहिला, खाली गेला, पुन्हा वर आला.

“कसं काय?”

“लई भारी,” गोरख म्हणाला. “पळतंय नुसतं.”

त्या दिवशी उज्ज्वला स्वतःवर इतकी खूश झाली की तिनं चहाला पुरती उकळी येऊ दिली.

पण त्यानंतर गोरख पहाटे उठून कामाला बसायला लागला. जेवायला हाक मारली तरी यायचा नाही. संध्याकाळी ओट्यावर बसणं तर दिवाळीनंतर केव्हाच बंद झालेलं होतं. जानेवारीच्या बारा तारखेला अमृत सरांनी उज्ज्वलाला फोन केला. ते गोरखला बोलले नाहीत, तिला बोलले, कारण ‘उडी’ तिची आहे हे त्यांना माहीत होतं. म्हणाले, “ताई, पूर्वी याला एका कामाला दोन तास लागायचे, आता सहा लागतात. काही अडचण आहे का?”

उज्ज्वलाचं डोकं फिरलं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिनं गोरखला गाठलं आणि तिच्या तोंडून नको ते गेलं. “मी चार सेकंदांचं काम पापणी लवायच्या आत आणलं दादा, आणि तू सहा तास लावतोस? मी जीव टाकून करायचं आणि तू मनावर घ्यायचं नाय, असं कसं चालंल?”

गोरखचा चेहरा एवढासा झाला. “घेतो मनावर,” म्हणाला. एवढंच. पुढं कित्येक दिवस उज्ज्वलाला हे दोन शब्द आठवायचे आणि आपली जीभ हासडून टाकावी असं वाटायचं.

सोळा तारखेला सकाळी तिच्या मनात आलं, रंग जरा उठावदार केला तर? पिवळा थोडा गडद करावा. गोरख न्हाणीत होता, तिचा नऊचा तास होता, स्कूटर दारात चालू करून ठेवलेली. तिनं उभ्याउभ्याच बदल केला, लॅपटॉपवर चढवला आणि निघाली. दुपारच्या सुट्टीत फोन लावून विचारलं, “दादा, आज अक्षरांचा रंग बदललाय. दिसतंय का नीट?”

“लई उठून दिसतंय,” गोरख म्हणाला. “आधीच्यापेक्षा बरंच बरं हाय. पिवळं कसं एकदम चमकतंय.”

त्या दिवशी ती तीनला घरी आली तेव्हा गोरख गोठ्याकडं गेला होता. आपला नवा रंग बघावा म्हणून तिनं लॅपटॉप उघडून बटण दाबलं. मधोमध काळी चौकट उघडली आणि त्यात काहीच नव्हतं. तिनं बाण दाबला, पुन्हा दाबला. कानाला लावायच्या यंत्रातून बारीक आवाज नावं वाचत होता, पण चौकट कोरी होती. मग तिच्या ध्यानात आलं. सकाळच्या घाईत अक्षरांच्या रंगाच्या जागी तिनं चौकटीचाच रंग घातला होता. काळ्यावर काळं. पिवळं म्हणून त्या पडद्यावर सकाळपासून काहीही नव्हतं.

पिवळं कसं एकदम चमकतंय, असं तो म्हणाला होता.

उज्ज्वला खाली फरशीवर बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुठंही जायची घाई उरली नाही.

बऱ्याच वेळानं ती उठली. ‘उडी’ किती वेगानं चालते ते मोजायला तिनं एक नोंद ठेवलेली होती, कुठलं बटण केव्हा दाबलं आणि कुठली फाइल उघडली याची. आजवर तिनं त्या नोंदीत फक्त यादी उघडायला लागलेला वेळ बघितला होता. तो होताच, पापणी लवायच्या आतला, तिच्या अभिमानाचा. आता तिनं त्याच्या पुढच्या ओळी वाचल्या. खाली, खाली, खाली. वर. पुन्हा पहिल्यापासून खाली. एका फायलीसाठी चाळीस वेळा, साठ वेळा. आवाज एकेक नाव पुरतं वाचतोय, गोरख ऐकतोय, नाव ते नाही, पुढं. आणि पुढच्या वेळी यादी उघडली की तिच्या शहाणपणानं सगळी नावं पुन्हा इकडची तिकडं.

मग तिनं नोव्हेंबरातल्या, जुन्या यादीच्या ओळी काढल्या. तिथं गोरखनं एकही नाव ऐकलेलं नव्हतं. अकरा वेळा खाली, एन्टर. चार वेळा खाली, एन्टर. सत्तावीस वेळा खाली, एन्टर. आवाज तोंड उघडायच्या आत बोटं पोचत होती. कुठली फाइल कितव्या जागी आहे हे त्याला पाठ होतं. दिसत नव्हतंच, म्हणून पाठ होतं. आणि तिनं सगळ्या जागा मोडल्या. त्याला तक्रारसुद्धा करता आली नाही. यादी हलतेय, मला सापडत नाही, असं म्हणायचं तर डोळे गेल्याचं सांगावं लागलं असतं. आपल्याला ते कळायला इतके दिवस लागले, याची तिला फार लाज वाटली.

आईचं स्टूल तिला तेव्हा आठवलं. तांब्या, चपला, पुरती उघडी दारं. आईला माहीत असेल का? पण आई तर रोज सकाळी विचारते, दिवा दिसतोय का, आणि दिसतोय म्हटलं की समाधानानं आत जाते. तिला माहीत असतं तर असं विचारायला तिचं मन धजलं नसतं. म्हणजे हे ओझं आपल्या एकटीचं, असं उज्ज्वलानं ठरवलं.

अठ्ठावीस तारखेला बारा दिवस होते. वेग ठेवायचा आणि जुन्या जागा परत आणायच्या, हे सोपं होतं. पण जुनी यादी तिनं पुसून टाकली होती. कितव्या जागी कुठली फाइल हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्याला विचारण्याची सोय नव्हती. मग ती रोज दुपारी कॉलेजच्या रिकाम्या खोलीत जुन्या नोंदी घेऊन बसायला लागली. पाच वेळा खाली, एन्टर, अमुक फाइल उघडली, म्हणजे पाचवी जागा तिची. वहीत आकडे घालून पुढं एकेक नाव. रोज दहा-पंधरा जागा सापडायच्या. चूक झाली तर गोरखचं बोट भलत्याच दारात जाणार होतं, म्हणून ती प्रत्येक जागा तीनतीनदा पडताळायची. असं सावकाश काम तिनं जन्मात केलं नव्हतं. सकाळी देवघराकडून तो प्रश्न आणि ते उत्तर कानावर आलं की तिला स्वयंपाकघरात उभं राहवायचं नाही, डबा अर्धा भरूनच ती निघायची.

एकशे चाळीस जागांपैकी एकशे बत्तीस सापडल्या. आठांचा माग काही केल्या लागेना. त्या तिनं दुसऱ्या कुणाला दिल्या नाहीत, तिथं आवाज नुसता ‘रिकामं’ म्हणेल असं केलं आणि खालची नावं जिथल्या तिथं राहू दिली.

पंचवीस तारखेला दुपारी तिनं ते लॅपटॉपवर चढवलं. “दादा, जुनी यादीच परत आणली मी. ते वर-खाली पळणं मलाच आवडंना झालं.”

गोरखनं बटण दाबलं. मग खालचा बाण, सावकाश, अकरा वेळा. एन्टर. कानातल्या आवाजानं फायलीचं नाव घेतलं तसा तो थांबला. पुन्हा बटण, चार वेळा खाली, एन्टर. पुन्हा, सत्तावीस वेळा. बोटं वेग घ्यायला लागली. तो बराच वेळ नुसताच या फायलीतून त्या फायलीत जात राहिला, लांबून आलेला माणूस आपल्या घराच्या खोल्यांमधून फिरून येतो तसा.

“बरं केलंस,” शेवटी तो म्हणाला.

अठ्ठावीसला उज्ज्वलानं रजा टाकली. अकरा वाजता गोरख लॅपटॉपसमोर बसला, अंगात इस्त्रीचा शर्ट. ती दाराबाहेर पडवीत उभी राहिली. पुण्याहून टीमची नऊ माणसं जोडली गेली होती आणि गोरखचा पडदा सगळ्यांना दिसत होता. अमृत सरांनी चूक सांगितली. ग्राहकानं पत्ता बदलला तरी जुन्याच पत्त्याचा कागद निघतो. शोधून काढ.

गोरखनं बटण दाबलं.

“एक मिनिट, गोरख,” अमृत सर म्हणाले. “यादी उघडलीय का तुझी? इथं मधोमध नुसती काळी चौकट दिसतेय. अक्षरंच नाहीत.”

उज्ज्वलाला तेव्हा आठवलं. रंग. नऊ दिवस ती जागा लावत बसली आणि रंग तसाच राहिला. घरात त्याची कुणाला गरज उरली नव्हती, म्हणून तिच्या मनातही आलं नाही.

गोरखची बोटं बटणांवर होती, ती हलली नाहीत. मग त्यानं मान दाराकडं वळवली. ती तिथं उभी आहे हे त्याला आधीपासूनच ठाऊक असावं.

“उजे, काळं कवापास्नं हाय?”

तिला खोटं बोलता आलं असतं. आत्ताच बिघडलं असेल दादा, एवढं म्हटलं की झालं असतं. नऊ माणसं ऐकत होती.

“सोळा तारखेपास्नं,” ती म्हणाली.

गोरखनं मनात मागं जाऊन बघितलं असणार. फोन, पिवळं, चमकतंय. मग तो पडद्याकडं तोंड करून, शाळेत उभं राहून बोलावं तसं बोलला. “सर, चौकट बिघडलेली नाय. मला दिसत नाय. आधी थोडं दिसायचं, ते दिवाळीला गेलं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. अक्षरं लागत नाहीत मला, जागा लागतात. तुम्हाला कळावं म्हणून मी फाइल मोठ्यानं सांगत जातो. चालंल का?”

“चालेल,” अमृत सर म्हणाले.

“पत्त्याची फाइल, अकरावी,” गोरख म्हणाला, आणि ती उघडली. “इथं पत्ता बदलतोय, बरोबर हाय. कागद बनवायची, सत्ताविसावी.” उघडली. “ही पत्ता विचारती कुणाला? चौथीला.” उघडली. “ही बघा सर. हिनं सकाळी एकदाच पत्ता घेऊन ठेवलाय आणि दिवसभर तोच देतीय. बदलला तरी हिला कुणी सांगत नाय.” बोटं एवढी पळत होती की सांगणारा आवाज मागं पडत होता. बारा मिनिटांत दुरुस्ती झाली. आधीच्या आठवड्यात अशाच चुकीला डोळस पोरांना अर्धा तास लागला होता, असं नंतर कळलं.

“गोरख,” अमृत सर शेवटी म्हणाले, “कराराचा कागद मी संध्याकाळी पाठवतो. पण हे तू मला आधी सांगायला पाहिजे होतंस.”

“हो सर. व्हय,” गोरख म्हणाला.

लॅपटॉप बंद केल्यावर तो तसाच बसून राहिला. उज्ज्वला आत आली आणि त्याच्या पायाशी बसली. माफी कशी मागतात हे तिला येत नव्हतं, कधी सवड काढून शिकलीच नव्हती. “मनावर घेत नाय म्हणले मी तुला,” एवढंच ती बोलली आणि तिला रडू फुटलं.

गोरखनं हात पुढं केला, तिचं डोकं सापडलं, तिथं ठेवला. “पाडव्याच्या पणत्या दिसल्या व्हत्या मला,” तो म्हणाला. “पुसट, पण दिसल्या. भाऊबीजेला तू ओवाळलंस, तवा ताटात दिवा हाय ते नुसतं गालाला ऊब लागली म्हणून कळलं. तुला कसं सांगायचं व्हतं, तूच सांग? तू तर पिवळं अजून पिवळं करत व्हतीस.”

“आणि आईला?”

“आयेला रोज सकाळी एकच गोष्ट लागती गं,” गोरख म्हणाला. “तेवढी कशी काढून घ्यायची?” मग म्हणाला, “पण उद्या सांगतो. नऊ माणसांना सांगितलं, आता तिलाच ठेवायचं का?”

दुसऱ्या दिवशी उज्ज्वलानं वेणी घातली नाही की डबा भरला नाही. ती देवघराच्या उंबऱ्यावर येऊन बसली. गोरख कोनाड्यासमोर चहा पीत होता. लंकाबाई पदराला हात पुसत आली आणि आठ वर्षांच्या सवयीनं तिनं विचारलं, “गोरख, दिवा दिसतोय का?”

गोरखनं कप खाली ठेवला, रोजच्या जागी. “न्हाई, आये,” तो म्हणाला. “दिसत न्हाई. दिवाळीपास्नंच दिसत न्हाई.”

उज्ज्वलानं कोनाड्याकडं पाहिलं. निरांजनात तेल होतं, नवी वात होती. ती पेटलेली नव्हती.

लंकाबाई तिथंच खाली बसली. “कसा दिसंल, बाळा?” ती म्हणाली. “लावलाच न्हाई अजून.”

मग तीच पुढं बोलली. “तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिशी वाऱ्यानं इझला व्हता. म्या ध्यान न देताच इचारलं आन् तू म्हणलास, दिसतोय. तवापास्नं आधी इचारते. तू न्हाणीत गेलास का चुलीतली काडी आणून लावते. देवाला अंधारात न्हाई ठेवलं म्या.”

“मंग रोज कशाला इचारत व्हतीस, आये?” गोरखनं विचारलं.

“इचारायची थांबले असते तर तुला कळलं असतं, का आयेला कळलंय म्हून,” लंकाबाई म्हणाली. “तू सांगायच्या आधी मला कसं कळून चालंल?”

ती उठली, पाण्याच्या चुलीतली पेटती काडी घेऊन आली आणि वात लावली. मग गोरखचा उजवा हात धरून तिनं ज्योतीच्या जवळ नेला, ऊब लागेल इतका.

“लागला?”

“लागला, आये,” गोरख म्हणाला.